देविकाचं पुढं काय झालं

त्या दुपारी हरबंस कौरनं मुलाची गाडी खाली उभी करून ठेवली होती, गाडीत दोन धट्टेकट्टे भाचे बसवले होते आणि ओळखीच्या वकिलाला फोनवर तयार राहायला सांगितलं होतं. एवढा बंदोबस्त करून ती तिसऱ्या मजल्यावर प्रभावती जगदाळेंच्या दारात आली आणि म्हणाली, "चल प्रभा, चप्पल घाल. देविकाला घेऊन येऊ."

प्रभावतीबाईंचे हात पिठात होते. "कुठली देविका?"

"अगं, तुझी देविका! सासूनं घराबाहेर काढलेली! अशा लोकांना सरळ करायला माझा मुलगा बसलाय. तू फक्त घर दाखव."

आता काय सांगावं, कपाळ! देविका ही प्रभावतीबाईंची मुलगी नव्हती, भाची नव्हती, कुणी म्हणजे कुणीच नव्हती. मराठी चॅनेलवर रोज साडेसातला 'सरनोबतांची सून' नावाची सिरियल लागायची, त्यातली ती सून. कोल्हापूरच्या बड्या घरात दिलेली गरीब मास्तरांची पोरगी. तिला चंद्रप्रभा नावाच्या सासूनं भर पावसात घराबाहेर काढलं होतं आणि ते काढणंच मुळी आठवडाभर चाललं होतं. सोमवारी हात धरला, मंगळवारी उंबऱ्यापर्यंत आणली, गुरुवारी कुठं दार लागलं. तो आठवडाभर प्रभावतीबाई डोळे सुजवून सोसायटीच्या पार्कात उन्हाला जाऊन बसत होत्या. बायांनी विचारलं तर आपल्या हिंदीत सांगत होत्या, "क्या बताऊं, देविका को निकाल दिया. बारिश में. बेचारी के पाय में चप्पल भी नहीं."

देविका कोण, हे बायांनी विचारलं नाही. दुसऱ्याच्या लेकीचं दुःख, कसं विचारायचं? त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की ही मराठी बाई सोसते फार आणि बोलते कमी, तेव्हा आता आपणच पुढं व्हायला पाहिजे.

प्रभावतीबाईंनी पिठाच्या हातानंच तोंड झाकलं आणि खरं ते सांगून टाकलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं त्यांना. हरबंसनं ऐकून घेतलं. मग ती सोफ्यावर बसली, भाच्यांना फोन करून घरी जायला सांगितलं आणि टीव्हीच्या बंद पडद्याकडं बघितलं.

"अच्छा, टीव्हीवाली है," ती म्हणाली. "पर निकाला क्यों?"

झालं! तिथून जे सुरू झालं, ते सुरू झालं.

प्रभावतीबाईंचं आयुष्य तसं ट्रंकांमध्ये गेलं होतं. कोरेगाव तालुक्यातल्या गावात जन्म, आणि मिसरूड फुटायच्या वयातच पलटणीत गेलेल्या शहाजी जगदाळेंशी लग्न. फौजेतल्या माणसाचा संसार म्हणजे काळ्या रंगाच्या लोखंडी ट्रंका, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. पठाणकोट झालं, झाशी झाली, सिकंदराबाद, दिल्ली कँट. दर दोन-तीन वर्षांनी ऑर्डर यायची, ट्रंका बाहेर निघायच्या आणि शेजारच्या क्वार्टरमधली जिच्याशी नुकतं कुठं गूळपीठ जमलेलं असायचं, ती बाई फाटकापाशी उभी राहून पदरानं डोळे पुसायची. पत्ते घेतले जायचे. एक-दोन पत्रं जायची, मग तीही थांबायची. प्रभावतीबाई कधी तक्रार करत नव्हत्या, पण पुढं पुढं त्यांनी एक गोष्ट शिकून घेतली होती. नव्या जागी गेल्यावर पहिलं वर्ष कुणाला फार जीव लावायचाच नाही.

सुभेदार म्हणून शहाजीराव रिटायर झाले तोवर विक्रांत, म्हणजे त्यांचा एकुलता एक, नोएडात नोकरीला लागला होता. सगळ्यांनी मिळून गाझियाबादला वसुंधरात फ्लॅट घेतला. प्रभावतीबाईंनी दोन ट्रंका भिंतीला लावून ठेवल्या, वर गादी टाकली, गादीवर सोलापुरी चादर घातली आणि म्हणाल्या, "हे दिवाण. आता हे इथून हलायचं नाही." सून सृष्टी करोलबागेतल्या जुन्या मराठी घरातली. शाळेत शिकवायची. नात रिंकू मराठीत सुरू व्हायची आणि हिंदीत संपायची. घर चांगलं होतं, माणसं चांगली होती. पण दिवसभर सगळे बाहेर, सुभेदार पेपरात तोंड घालून, आणि खाली-वर सगळी अनोळखी भाषा. म्हणून मग टीव्ही.

आणि प्रभावतीबाई सिरियल नुसती बघत नसत, तिच्याशी भांडत असत. "अगं बोल की! दातखीळ बसली का तुझी?" त्या पडद्यावरच्या देविकाला ओरडायच्या. "सांगून टाक नवऱ्याला! उभी काय राहिलीस खांबासारखी!" देविकानं मोठ्या जावेला दुधात काहीतरी कालवताना डोळ्यांनी बघितलेलं असायचं. ती नवऱ्याला सांगायला धावायची. "अहो, मला तुमच्याशी बोलायचंय..." आणि नेमका तेव्हाच नवऱ्याचा फोन वाजायचा. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या छातीत कळ. तिसऱ्या दिवशी दारात पाहुणे. असे तीन आठवडे. सिरियलची सगळी मेख त्यातच आहे, बघा. कुणीतरी एक सरळ वाक्य बोललं तर पहिल्याच आठवड्यात खेळ खलास. म्हणून कुणी बोलत नाही. जो तो दुसऱ्याचं भलं व्हावं म्हणून तोंड शिवून बसतो आणि सगळं घर रडतं.

सुभेदार पेपराआडून म्हणायचे, "ही बाई माझ्या चौकीवर असती ना, तर शत्रू येऊन चहा पिऊन गेला असता. हिनं रिपोर्ट दिला नसता."

"तुम्ही पेपर वाचा," प्रभावतीबाई म्हणायच्या. पेपरचं पान गेला अर्धा तास उलटलेलं नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं.

तर अशी ही देविका पार्कात पोचली. दिल्लीकडं थंडीत दुपारचं ऊन म्हणजे सोनं. जेवणं उरकली की सोसायटीतल्या बाया सतरंज्या घेऊन खाली यायच्या. कुणी मटार सोलतंय, कुणी विणतंय, कुणी तिळगुळाची गजक मोडून वाटतंय. हरबंस कौर, पहाडातल्या पौडीकडची सरोज नेगी आणि कानपूरची मिश्राइन ह्या रोजच्या. "हां प्रभा, बोल," हरबंस म्हणायची, आणि प्रभावतीबाई आदल्या दिवसाचा भाग सांगायला घ्यायच्या. सगळं हिंदीत, म्हणजे त्यांच्या हिंदीत. इथं मराठीत लिहिलंय इतकंच.

सांगण्याची हातोटी मात्र होती बाईंकडं, हे कबूल केलं पाहिजे. सिरियलमध्ये एकच चेहरा तीनदा दाखवतात ना, तसा त्या स्वतःचा चेहरा तीनदा फिरवायच्या आणि वर तोंडानं "ढॅण्ण" करायच्या. सरोज नेगीच्या सुया थांबायच्या. मिश्राइनला स्वतःच्या तीन सुना, त्यामुळं ती कायम सासूच्या बाजूनं. "चंद्रप्रभाचंही काही चुकत नाही हां," ती म्हणायची, आणि मग त्यावर जी जुंपायची ती ऊन पायांवरून उतरेपर्यंत. ह्या भांडणांतूनच कुणाचं काय दुखतंय ते बाहेर यायचं. सरोजनं आपल्या नवऱ्याच्या दारूचं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, ते देविकाच्या दिराच्या निमित्तानं सांगितलं. मिश्राइन एकदा चंद्रप्रभाची वकिली करता करता एकदम म्हणाली, मधली सून फोन उचलत नाही माझा. त्या दिवशी पुढचा भाग कुणी विचारला नाही. पहिलं वर्ष जीव न लावण्याचा प्रभावतीबाईंचा नियम कधी मोडला, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

दोन हिवाळे असे गेले. आणि दिवाळीत सिरियल बंद पडली.

बंद पडली म्हणजे कशी, तर चॅनेलला घाई झाली. ज्या चंद्रप्रभानं दोन वर्षं छळ छळ छळलं, तिनं एका भागात हात जोडले. मोठ्या जावेनं रडून माफी मागितली. सगळ्यांनी मिळून आकाशकंदील लावला, फोटो काढला, संपलं! प्रभावतीबाईंचा संताप संताप झाला. "ह्याला काय शेवट म्हणतात? पाहुण्यांना ताटावरून उठवल्यासारखं!" त्या सुभेदारांवरच चिडल्या, जणू त्यांनीच बंद केली होती.

दुसऱ्या दिवशी त्या खाली गेल्या त्या सिरियल संपली हे सांगायचं म्हणूनच. पण हरबंसनं सतरंजी झटकली, सरोजनं सुया काढल्या, मिश्राइननं पाय पसरले. "हां प्रभा, बोल." आणि ही शेवटची दुपार आहे असं प्रभावतीबाईंना वाटलं. सिरियल संपली म्हटल्यावर ह्या बाया कशाला आपल्यासाठी थांबतील? आपण पडलो परक्या. आपल्याकडं द्यायला होतं ते एवढंच. त्यांनी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते भलतंच. "कल तो गजब हो गया. चंद्रप्रभाची बहीण आली. जुळी."

मग काय विचारता! जुळी बहीण महिनाभर पुरली. ती गेल्यावर देविकाच्या दिराची स्मृती गेली. सुभेदार तर सहलेखकच झाले. सकाळी चहाबरोबर विचारायचे, "आज शूटिंग काय?" आणि कशातही फौज घुसवायचे. "दिराला लष्करात घाल. सगळं सरळ होतंय." प्रभावतीबाई पोळ्या लाटता लाटता जुळवाजुळव करायच्या. आयुष्यात त्यांना इतकी मजा कधी आली नव्हती.

एक मात्र झालं. दोन वर्षांपूर्वी ह्या बाईंनीच पार्कात शेखी मिरवली होती की आमच्या कोल्हापूरकडं थंडी नावालाच, स्वेटर पेटीतून निघत नाही. आता मात्र त्यांच्या कोल्हापुरात हळूहळू धुकं पडायला लागलं. चंद्रप्रभा गच्चीवर रजया उन्हाला घालू लागली. देविका सकाळी मुळ्याचे पराठे करू लागली, आणि सरनोबतांच्या बंगल्यासमोर तर पार्किंगवरून इतकी मारामारी झाली की सोसायटीच्या सेक्रेटरीला मधे पडावं लागलं. बंगल्याला सेक्रेटरी कुठून आला, हे प्रभावतीबाईंच्या ध्यानातही आलं नाही. ऐकणाऱ्याही काही बोलल्या नाहीत.

जानेवारी संपता संपता एका संध्याकाळी विक्रांत पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला.

"आई, पुणे!" त्यानं पुडा देवापुढं ठेवला. "ट्रान्सफर मिळतेय. हिंजवडीचं ऑफिस. सोमवारी हो म्हणून कळवायचं. रिंकूची परीक्षा झाली की निघू. हा फ्लॅट विकून टाकू, तिकडं मोठा घेऊ. आता बघ, भाजीवाल्याशीसुद्धा मराठीत भांड!"

सृष्टी म्हणाली, "बिल्कुल! आईंना किती बरं वाटेल." सुभेदार म्हणाले, "वा, वा. गावही जवळ." सगळे हसत होते. प्रभावतीबाईही हसल्या. पेढा खाल्ला. पोरानं एवढ्या हौसेनं आणलंय, त्याच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? आणि कुठली मराठी बाई पुण्याला जायला नाही म्हणते? वेड लागलंय म्हणतील. त्या दिवाणावर बसल्या आणि चादरीवरून हात फिरवत राहिल्या. खालच्या ट्रंका त्यांना आज पहिल्यांदा टोचल्या.

दुसऱ्या दिवशी पार्कात सरनोबतांच्या घरी पेढे आले. चंद्रप्रभाच्या मुलाची बदली झाली होती, लांब, लखनौला. घर विकायचं ठरलं होतं. "अब चंद्रप्रभा क्या करे?" प्रभावतीबाईंनी विचारलं आणि मटारच्या शेंगेत नखं खुपसली.

"काय करणार? जाणार," मिश्राइन म्हणाली. "जिथं मुलगा तिथं आई. विचारायचं काय त्यात."

"आणि तिच्या मनाचं काय?" सरोज उसळली. "मी पहाडातून उतरले तेव्हा मला कुणी विचारलं होतं? बावीस वर्षं झाली, अजून मला तिथला वारा आठवतो. जायचं नसेल तर तिनं जाऊ नये."

"एकटी राहील?"

"नवरा आहे की तिचा! दोघं मिळून राहतील."

"लोक काय म्हणतील, मुलानं टाकली!"

भांडण चांगलंच रंगलं. प्रभावतीबाई एकदा हिच्या तोंडाकडं, एकदा तिच्या तोंडाकडं बघत होत्या. कोर्टात निकाल ऐकायला बसल्यासारख्या. निकाल काही लागला नाही. मिश्राइनची पाण्याची वेळ झाली, सरोजची कामवाली आली, दोघी उठून गेल्या. हरबंस तेवढी राहिली. तिनं आज तोंड उघडलं नव्हतं. परातीतले मटार सारखे केले, सालं पिशवीत भरली आणि म्हणाली, "प्रभा, ट्रक कब आ रहा है?"

"कुठला ट्रक?"

"तुझं सामान न्यायला. लखनौला का आणखी कुठं, तिकडं."

प्रभावतीबाईंनी पदरावरचं मटारचं साल वेचून पिशवीत टाकलं.

"तुझी सिरियल दिवाळीतच बंद झाली," हरबंस म्हणाली. "कोल्हापुरात रजया निघाल्या तेव्हाच मला वाटलं होतं. सुनेला म्हटलं, बघ गं मोबाइलवर. तिनं शेवटचा फोटोसुद्धा दाखवला. काय तो कंदील! छी! तुझी जुळी बहीण किती बरी."

"आणि त्या दोघी?"

"सगळ्यांना माहीत आहे. मिश्राइनला तर माझ्याआधी."

"मग बोलल्या का नाहीत? अडीच महिने मला वेड्यासारखं..."

"तू सांगत होतीस, आम्ही ऐकत होतो. सिरियल ऐकायला येत होतो असं वाटलं तुला?" हरबंस आता खरोखरच रागावली होती. "दोन वर्षं त्या पोरीला शिव्या घालतेस, बोलत का नाही म्हणून. बोल की, दातखीळ बसली का. आम्हाला पाठ झालंय ते मराठीत. आणि स्वतः? घरात सांगितलंस, जायचं नाही म्हणून?"

प्रभावतीबाईंनी मान हलवली. नाही.

"तू गेलीस तर मी दुपारी काय करू गं?" हरबंस म्हणाली, आणि तिनं ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. एवढी मोठी बाई, भाच्यांना घेऊन मारामारीला निघणारी. मग दोघी पार्कात बसून भरपूर रडल्या. माळी पाण्याचा पाइप घेऊन आला, त्यांना बघून दुसऱ्या वाफ्याकडं गेला.

रविवारी रात्री जेवायला सगळे एकत्र होते. सोमवार तोंडावर आला होता. प्रभावतीबाईंनी पदर खोचला. "विक्रांत, मला जरा बोलायचंय..." तोच विक्रांतचा फोन वाजला, ऑफिसचा. तो बाल्कनीत जाऊन आला. "हां आई, काय म्हणत होतीस?" त्यांनी तोंड उघडलं आणि दाराची बेल. पाण्याचा कॅनवाला. तो गेला तर रिंकूला चार्जर सापडेना. त्या सिरियलवाल्यांना आपण उगाच नावं ठेवली, असं प्रभावतीबाईंना मनापासून वाटलं. सुभेदार बघत होते. "आज राहू दे," असं त्यांच्या डोळ्यांत होतं, की "आज सोडू नको" असं होतं, काही कळेना.

विक्रांतनं घास उचलला तेवढ्यात प्रभावतीबाईंनी त्याचं ताटच उचललं.

"आधी ऐक, मग जेव. मला पुण्याला यायचं नाही."

मागं संगीत वाजलं नाही. फ्रिज घरघरला तेवढाच. विक्रांतचा घास हातातच राहिला.

"मला इथं राहायचंय," त्या म्हणाल्या. आता तोंड उघडलंच होतं, तर थांबायचं कशाला. "जन्मभर बांधाबांध केली. कुठल्याच गावाला कधी माझं म्हणाले नाही. ह्या गाझियाबादला म्हणते. धूळ आहे, धूर आहे, सगळं मान्य. पण खाली मला हाक मारणाऱ्या बाया आहेत. तुम्ही तिघं जा, मी अडवत नाही. आठवण येईल, रडेन, पण मी आणि हे इथंच राहतो. ह्यांना विचारलं नाही मी अजून, पण ते राहतील."

"राहीन," सुभेदार ताबडतोब म्हणाले.

"पण आई..." विक्रांतनं घास खाली ठेवायला ताट शोधलं, ते आईच्या हातात. "मी तुझ्यासाठीच घेतली ना ती! वर्षभर बॉसच्या मागं लागून घेतली. मला कशाला हवंय पुणं? माझी सगळी टीम इथं आहे."

सृष्टीनं आमटीची वाटी टेबलावर आदळली. "म्हणजे? तुला नको होतं? मी राजीनामा लिहून ठेवलाय, विक्रांत! मला वाटलं, आईंना जायचंय, तुला जायचंय, मी एकटी कुठं आडवी येऊ. आमचे बाबा म्हातारे इथं करोलबागेत, त्यांना अजून सांगितलं नाही मी. रोज बाथरूममध्ये जाऊन रडतेय मी, यार!"

"मी तर गावाकडं फोन लावून फ्लॅट बघायला सांगितलाय," सुभेदार म्हणाले. "ही खूश दिसली. म्हटलं, बाई आयुष्यभर माझ्या मागं फिरली, आता आपण हिच्या मागं जाऊ."

आधी रिंकूला हसू फुटलं. मग सृष्टीला, डोळे पुसता पुसता. मग सुभेदार असे हसले की त्यांना ठसका लागला. आठवडाभर सगळं घर एकमेकांसाठी मूग गिळून बसलं होतं, आणि प्रत्येकजण स्वतःला मोठा त्यागी समजत होता! प्रभावतीबाईही हसल्या, ताट पुन्हा विक्रांतपुढं ठेवलं. तो मात्र हसत नव्हता.

"मग तू रडायचीस ते?" तो म्हणाला.

"कधी?"

"रोज. सिरियल बघताना. मी घरून काम करतो त्या दिवशी पाणी प्यायला बाहेर यायचो. स्वयंपाकघराच्या दारातून बघायचो. तू डोळे पुसत बसलेली असायचीस. मला वाटायचं, मराठी ऐकलं की आईला भरून येतं. गाव आठवतं. आपण हिला इथं आणून टाकली, आणि ही कधी बोलायची नाही." त्यानं मनगटानं नाक पुसलं. चाळीस ओलांडलेला पोरगा, कानशिलं पांढरी झालेली. "म्हणून मागितली ट्रान्सफर."

साडेसातला आपण काय करतो, हे ह्या घरात कुणाच्या खिजगणतीत नाही, असं प्रभावतीबाई धरून चालल्या होत्या. त्या पडद्याकडं बघत होत्या तेव्हा पोरगा पाण्याचा ग्लास हातात धरून त्यांच्याकडं बघत होता. किती दिवस, देवाला माहीत.

"अरे, ते रडणं निराळं रे," त्या कशाबशा म्हणाल्या. "त्यात मजा असते. एकदा विचारायचंस की मला."

"विचारलं असतं तर तू 'काही नाही' म्हणाली असतीस."

ते खरंच होतं. त्यांनी त्याच्या ताटातली गार झालेली पोळी काढली, गरम वाढली. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो शाळेत जायचा तेव्हा फिरवायच्या तसा, मानेपासून खालपर्यंत.

सोमवारी विक्रांतनं नाही म्हणून कळवलं. बॉस खूप बोलला म्हणे. संध्याकाळी साडेसातला प्रभावतीबाई दिवाणावर बसल्या. नवी सिरियल सुरू झाली होती, कोकणातल्या कुठल्याशा घराची. पहिल्याच जाहिरातीत त्यांनी मागं वळून बघितलं. विक्रांत स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, ग्लास घेऊन.

"तिथं काय उभा राहतोस," त्या म्हणाल्या. "इथं ये. शेजारी बस."

तो येऊन बसला. पडद्यावर एक बाई समईत तेल घालत होती आणि दुसरी तिच्याकडं वाईट नजरेनं बघत होती.

"ही कोण?" विक्रांतनं विचारलं.

प्रभावतीबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला, त्याच्याकडं तोंड करून मांडी घातली आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.